मधला सेल आधी तापतो

१२ फेब्रुवारी

धाकट्या,

आशीर्वाद आहेतच, ते दरवेळी लिहीत बसत नाही. कामाचं लिहितो.

मामीच्या गवत कापायच्या मशीनने मान टाकली. तुझ्या पहिल्या पगारातून तू तुझ्या आईला दिलेलं, तेच. मशीन तसं ठणठणीत आहे, मेलीय ती बॅटरी. रात्रभर चार्ज करून लावली तरी ती कामाला जाते त्या दवाखान्याची अर्धी हिरवळ होईपर्यंत धाप लागते. मग मामी ती बंद गाडी ढकलत घरी आणते आणि रस्त्यात भेटेल त्याला सांगते की मुलगा त्याच कंपनीत आहे, आता बघेल.

तिला घेऊन तुमच्या कंपनीच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या गृहस्थाने मशीनकडे असं पाहिलं, जसं काही आम्ही मेलेलं मांजर उचलून आणलंय. म्हणाला, या मॉडेलचा बॅटरी पॅक येणं बंद झालं, नवीन मशीन घ्या. मामी म्हणाली, "माझा मुलगा तुमच्याकडेच इंजिनिअर आहे." तो म्हणाला, "मग त्यांनाच सांगा ना घेऊन द्यायला." मामीने मशीन वळवलं आणि चालू लागली. घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाली, "मशीन बदलायचं नाही. धाकट्याने दिलंय. तू जगाचे मिक्सर आणि रेडिओ उघडतोस, ही एक डबी उघडून बघ की."

उघडली. आत वीस सेल आहेत, दोन-दोनच्या दहा जोड्या एकामागे एक जोडलेल्या. तीन जोड्या पार बसल्यात. बाकीच्याही त्याच वाटेवर. नवे सेल आणून पॅक मुळापासून बांधायचा असं मी ठरवलंय. माझं शिक्षण कुठे सुटलं ते तुला माहीत आहे, पुढचं सगळं उघडून बघून शिकलो, त्यामुळे बांधणीची चिंता नाही. अडलंय एका ठिकाणी. पॅकला अधिक आणि उणे सोडून तिसरी एक पिन आहे. तिची बारीक वायर शेवटच्या सेलवर चिकटवलेल्या तांदळाच्या दाण्याएवढ्या मण्याला जाते. तो थर्मिस्टर असणार, म्हणजे सेल किती तापला ते मशीनला सांगणारा. पण तो कितीचा, आणि मशीन त्याला काय विचारतं?

फोन करू नकोस. फोनवर आकृती काढता येत नाही, आणि तू मध्येमध्ये नुसता हं हं करतोस.

— दादा

२० फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र ऑफिसात वाचलं. शेजारच्या टेबलवाला विचारत होता, हल्ली कागदावर पत्र कोण लिहितं. म्हटलं, ज्याला सरळ रेघ मारता येते तो.

आईला त्या काउंटरवाल्याने जे ऐकवलं ते वाचून कान तापले. मी इथे इंजिनिअर म्हणजे काय, तक्रार विभागात बसतो. दिवसभर लोकांचे फोन घेतो आणि "कळवतो" म्हणतो. हे आईला सांगू नकोस.

आता तुझं काम. थर्मिस्टर साधा आहे, खोलीच्या तापमानाला दहा हजार ओहम, तापला की कमी होतो. मशीन चालू असताना सारखं त्याला विचारत राहतं. फार गरम झालं की बंद पडतं, आणि वायर तुटलेली असली तर सुरूच होत नाही. बाहेर पॅक बांधणारे बरेच जण तिथे दहा हजारांचा साधा रेझिस्टर टाकून मोकळे होतात. मशीनला वाटतं सगळं थंड आहे. तू काय करायचं ते तू ठरव.

आणखी एक, हे पत्रात आहे म्हणून रागावू नकोस. मशीनच्या पात्यात ओलं गवत अडकलं की करंट एकदम उसळतो. सेल जोडायला तू नेहमीची निकेलची पट्टी वापरशील तर जोड्यांमध्ये ती एकेरी ठेवू नकोस, दुहेरी लाव. दोन्ही टोकांना तर नक्कीच.

हे सगळं मी सांगितलं असं बाहेर कुठे बोलू नकोस. नोकरी जाईल.

तुझा,
धाकटा

१९ मार्च

चिरंजीव इंजिनिअर,

पट्टीचं तुझं म्हणणं बरोबर निघालं. मी एकेरी लावून पाहिली होती, ओल्या गवताइतका लोड दिला तर पट्टीवर बोट ठेववेना. सगळी उचकटली आणि दुहेरी लावली. ही गोष्ट मी दुकानात कुणाला सांगितलेली नाही, तुला सांगतोय. तुझ्या डिग्रीचा पहिला उपयोग झाला, मामीला कळवलं. तिने शेजारी तीन घरी कळवलं.

बाकी काम माझ्या पद्धतीने. सेल आल्यावर लगेच हात लावला नाही. सगळे पूर्ण चार्ज केले, एका ट्रेमध्ये ओळीने उभे केले आणि नुसते विसरलो. दोन आठवड्यांनी मीटर लावला. जो सेल काही काम न करता बसल्या बसल्या खाली उतरतो तो पुढे जोडीदारालाही बुडवतो. असे दोन निघाले, ते परत पाठवले. वेल्डिंगचं यंत्र घरचंच, जुन्या मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरवर जाड केबलचे दोन वेढे देऊन केलंय. मायक्रोवेव्ह मामीचा होता. "मग मी आता दूध कशात तापवू," असं तिने विचारलं, आणि मी गॅसकडे बोट दाखवलं तेव्हापासून थोडा अबोला आहे.

प्रत्येक सेलच्या अधिक टोकावर इन्सुलेशनच्या कागदाची चकती. सगळ्या जोड्या सारख्या भराव्यात आणि जास्त करंट गेला तर तोडावा म्हणून बीएमएसचा बोर्ड. मग वरून कागद, टेप, आणि जुन्या डबीत असा बसवला की हलवला तर आवाज नाही.

रेझिस्टरचं जे लिहिलंस ते मी करणार नाही. आत आग लागली तरी मशीनला "सगळं थंड आहे" असं सांगणारी वस्तू मी मामीच्या हातात कशी देऊ? खरा थर्मिस्टर टाकलाय. फक्त तुमच्या कंपनीने तो कडेच्या सेलवर लावला होता, मी मधे लावलाय. काल मामीने दवाखान्याची सगळी हिरवळ एका दमात कापली. मशीन बंद करून म्हणाली, "आहे बाबा, हाताला चव आहे." अबोला संपला.

— दादा

२ एप्रिल

दादा,

आईचा फोन आला होता. अर्धा तास तुझंच कौतुक, माझ्या वाट्याला शेवटी "जेवतोस ना" एवढंच आलं.

थर्मिस्टर मधे का लावलास ते नीट लिही. मी इथे दोघांना विचारलं, दोघेही म्हणाले कडेला लावायचं कारण वायर आखूड पुरते, एवढंच. तुझं काहीतरी वेगळं कारण असणार. तू उगाच काही करत नाहीस. आणि मधे लावल्यावर तापमान किती लवकर चढतं, हे मोजता येईल का? आकडे असतील तर फार बरं. जमलं तर कडेच्या सेलचेही, म्हणजे तुलना होईल.

खरं सांगू का, इथे दिवसभर कुणी कशाचं "का" विचारत नाही. तुझी पत्रं आली की मला कॉलेजात जे शिकायला हवं होतं ते शिकल्यासारखं वाटतं. घाई नाही, पण लवकर लिही.

तुझा,
धाकटा

२१ एप्रिल

प्रिय धाकट्या,

एवढी वर्षं दुकान चालवतोय, लोक विचारतात, "कधी मिळेल?" आणि "किती होतील?" का असं केलंत हे विचारणारा तू पहिला. त्यामुळे उत्तर लांबलं तर सोसून घे.

एका बाकावर पाच जणांना दाटीने बसव. घाम पहिला मधल्याला फुटतो. काठावरच्याला एका बाजूने तरी वारा असतो. सेलचंही तसंच. मधल्याची उष्णता बाहेर पडायला जागा नसते, म्हणून तो आधी तापतो आणि मरतोही आधी. जुन्या पॅकमध्ये बसलेल्या तिन्ही जोड्या मधल्याच होत्या. तुमचा मणी काठावरच्याला विचारत होता, "बरं आहे ना?" आणि तो म्हणत होता, "छान आहे." आतला जळत होता. ज्याला त्रास होतो त्याला विचारावं, एवढाच माझा विचार.

तुझ्यासाठी मोजमाप केलं. दोन थर्मिस्टर, एक मधे, एक कडेला, दोघांच्या लांब वायरी बाहेर काढल्या, आणि दवाखान्याच्या हिरवळीवर मामी मशीन ढकलतेय आणि मी तिच्या बाजूने दोन मीटर आणि वही घेऊन तिरका चालतोय, असा देखावा. खिडकीतून नर्सबाई म्हणाल्या, "मामी, मशीनला सलाईन लावलंय का?" मामी म्हणाली, "मशीनला नाही हो, याला लावायला हवं."

आलेख सोबत जोडलाय, दोनदा तपासून शाईने काढला आहे. वरची रेघ मधल्याची. बघ, पहिल्या तीन-चार मिनिटांतच कशी उभी चढते आणि मग वळून आडवी होते. खालची कडेच्याची, ती त्या वेळात जागची हलतच नाही, पुढे सावकाश जागी होते. आकृतीही पाठवतोय, मणी कुठल्या दोन जोड्यांच्या बेचक्यात बसवला आणि कशाने चिकटवला ते सगळं त्यात आहे.

एवढं नीट कागदावर मी आजवर कधी मांडलं नव्हतं. तू विचारलंस म्हणून झालं.

— तुझा दादा

८ जून

दादा,

उत्तराला उशीर झाला, माफ कर. इकडे बरीच धावपळ झाली. तुझा आलेख आणि आकृती दोन्ही माझ्या टेबलासमोर लावलेत. टेबल आता वरच्या मजल्यावर आहे. तक्रार विभाग सुटला. मशीनच्या आतला प्रोग्राम जिथे लिहितात त्या विभागात घेतलं मला. आईला सांग, आता खरा इंजिनिअर झालो.

एक आनंदाची गोष्ट. आईच्या मशीनची वर्षाची देखभाल कंपनीच्या वर्कशॉपमधून करून घ्या. मी तिथे सांगून ठेवलंय, माझ्या नावावर सगळं फुकट होईल. पात्याला धार, बेअरिंग, सगळं बघतील. तू पॅक काढून ठेव आणि नुसतं मशीन दे.

घाईत आहे. सविस्तर नंतर.

धाकटा

१४ जुलै

धाकट्या,

वाईट बातमी आहे आणि ती माझ्या हातची आहे असं दिसतंय.

मशीन वर्कशॉपमधून आलं. चकचकीत, पात्याला धार, चाकं नवी. मामीने चाकांना हात लावून पाहिला. मी पॅक लावला, सुरू झालं. चार मिनिटं झाली नाहीत तर बंद, आणि दांड्याजवळचा लाल दिवा उघडझाप. थांबून लावलं की पुन्हा तेच.

पॅक पूर्ण उघडला. प्रत्येक जोडी मोजली, फरक नाही. वेल्ड एकेक करून ओढून पाहिले, पक्के. बीएमएस बदलला. तेच. तुझी दुहेरी पट्टी तपासली, तीही थंड. सगळं बरोबर आहे आणि मशीन चालत नाही, म्हणजे असं काहीतरी माझ्याकडून झालंय जे मला दिसत नाही. यापेक्षा दिसणारी चूक परवडली.

मामी सध्या मोठ्या कात्रीने दवाखान्याचं गवत कापते. गुडघ्यावर बसून, एकेक वीत पुढे सरकत. मी जातो मदतीला, पण ती कात्री देत नाही. दवाखान्याच्या व्यवस्थापकाने कालच सांगितलं की महिनाअखेरपर्यंत बघतो, नाहीतर मोठ्या मशीनवाल्याला काम द्यावं लागेल. आवाज चढवून सांगितलं नाही, खुर्ची पुढे करून सांगितलं. त्यामुळे मामीला जास्त लागलं. तिचं मुख्य काम तेच आहे, तुला माहीत आहे. ते गेलं की ती तुझ्याकडे येऊन बसेल आणि तिला नुसतं बसता येत नाही.

कोपऱ्यावरच्या वायरमनने दुकानात डोकावून विचारलं, "काय डॉक्टर, पेशंट दगावला म्हणे." मी हसलो. मला हसावं लागलं.

तू आता प्रोग्रामच्या विभागात आहेस. लाल दिवा अशी उघडझाप का करतो ते सांग. माझं कुठे चुकलं ते तुला कळेल. सांगायला संकोच करू नकोस.

— दादा

२३ जुलै

दादा,

पत्र मिळालं. लाल दिव्याची बरीच कारणं असू शकतात, नक्की सांगणं कठीण आहे. बाहेरचे सेल कधीकधी वरून चांगले दिसतात आणि आतून दगा देतात, तसंच काही असेल. तू स्वतःला दोष देऊ नकोस. घरी बांधलेल्या पॅकला मर्यादा असतातच.

माझं मत, तो पॅक आता काढून टाक. त्याच्यामागे आणखी वेळ घालवू नकोस. मी आईसाठी नवीन मशीन पाठवतो, कर्मचाऱ्यांना सवलत असते. तिची समजूत तू काढ. तुझं ती ऐकते.

धाकटा

२ ऑगस्ट

कंपनीच्या इंजिनिअरास,

तुमचं मत वाचलं. पॅक काढून टाकला नाही.

सेल आतून दगा देतात असं तू लिहिलंस. मी ते खरं मानलं. दोन दिवस दुकान बंद ठेवून बसून राहिलो. सेल तर मी निवडलेले, दोन आठवडे उभे ठेवून पारखलेले, तरी मी मानलं, कारण तू लिहिलं होतंस. मामीकडे गेलो आणि म्हटलं, "नवीन मशीन घेऊ या." ती म्हणाली, "म्हणजे तुला नाही जमलं." मी म्हटलं, "नाही जमलं." तिने कात्री उचलली आणि गेली.

तिसऱ्या दिवशी सवयीने पॅक पुन्हा समोर घेतला. सगळं तपासून झालं होतं, एक मणी राहिला होता. तो बेचक्यातून ओढून बाहेर काढला आणि हवेत लोंबता ठेवून पाच मिनिटं मशीन लावलं. चाललं. मणी परत मधे बसवला, बंद पडलं. कडेच्या सेलवर चिकटवला, तुमच्या जुन्या जागेवर. पूर्ण अंगण कापून झालं तरी चाललं. मग साधा रेझिस्टर लावून पाहिला, बाकीचे लावतात तसा. त्यावर मात्र दहा मिनिटं चालून पुन्हा लाल दिवा.

म्हणजे मशीनला आता गरमपणाची भीती नाही. माझा पॅक हाताला कोमट लागतो तेव्हाच ते बंद होतं. त्याला तपासायचंय की ताप तुमच्या मण्याइतका उशिरा कळतोय की नाही. अजिबात कळत नसला तर पॅक बाहेरचा. वेळेवर कळला तरी पॅक बाहेरचा.

वर्कशॉपमध्ये जाण्यापूर्वी हेच मशीन याच पॅकवर तीन महिने चाललं. तिथे त्याच्यात नवा प्रोग्राम भरला गेला. आता तुझ्याकडचा आलेख काढ, टेबलासमोर लावलाय म्हणालास ना. वरची रेघ जिथे वळते तिथे बोट ठेव. माझं मशीन दरवेळी बरोबर तिथे बंद पडतं.

मणी मधे लावणारा जगात मी एकटाच शहाणा नसेन. पण ती रेघ मोजून, शाईने काढून, पाकिटात घालून मी एकाच माणसाला पाठवली.

हो की नाही, एवढंच लिही. बाकी नको.

११ ऑगस्ट

दादा,

हो.

बाकी नको म्हणालास, तरी लिहितो. फाडायचं तर फाड.

मी तक्रार विभागात होतो तेव्हा बाहेरच्या पॅकमुळे दोन ठिकाणी आग लागली होती. दोन्ही पॅकमध्ये तोच रेझिस्टर, मशीनला खोटं सांगणारा. वरून हुकूम आला की बाहेरचा पॅक ओळखायची युक्ती काढा. रेझिस्टर ओळखणं सोपं होतं, तो हलतच नाही. मग मोठ्या साहेबांनी बैठकीत विचारलं, "आणि एखादा चांगला कारागीर असेल तर तो काय करेल?"  मला उत्तर माहीत होतं. दादा, त्या खोलीत आजवर मला कुणी काही विचारलं नव्हतं. मी म्हणालो, तो थर्मिस्टर मधे लावेल. ते म्हणाले, कशावरून? मी म्हणालो, मोजून दाखवतो.

तुला जे पत्र लिहिलं, आकडे पाठव म्हणून, ते त्या बैठकीनंतरचं आहे. त्यात शिकल्यासारखं वाटतं असं लिहिलं होतं, तेही खरं होतं. हे तुला पटणार नाही.

मला वाटलं प्रोग्राम फक्त नव्या मशीनमध्ये जाईल. जुन्यांमध्येही भरतायत हे मला आईचं मशीन वर्कशॉपला गेल्यानंतर कळलं. तू लाल दिव्याचं लिहिलंस तेव्हा एका वाचण्यात कळलं काय झालंय ते. तेव्हाच सांगायला हवं होतं. पेन घेऊन बसलो आणि सेलचं लिहिलं.

मी आता काय करू सांग. साहेबांशी बोलू का? आकृती आणि आलेख परत पाठवू का? आणि आईला काय सांगितलंस? तिने दोन आठवड्यांत फोन केलेला नाही, मी केला तर "कामात आहे" म्हणाली. तिला कळलंय का?

धाकटा

२४ ऑगस्ट

धाकट्या,

आधी तुझ्या आईचं. तिला कळलेलं नाही. ती कामात आहे म्हणाली कारण ती कामात होती. हात दुखतात, फोन धरवत नव्हता, आणि ते तुला सांगायचं नव्हतं.

मशीन चालू झालंय. महिनाअखेर उलटून गेली होती, पण व्यवस्थापक भला माणूस, मोठ्या मशीनवाल्याला अजून होकार दिला नव्हता. मामीने जाऊन एका सकाळी सगळी हिरवळ कापली आणि कडा मुद्दाम कात्रीने सरळ केल्या. काम राहिलं.

कसं चालू केलं ते लिहीत नाही. एवढंच सांगतो की मधल्या सेलवरचा मणी मी काढलेला नाही. तो मधेच आहे आणि वेळेवर कळवतो. तुमच्या मशीनला ते ऐकायचं नाही, तर त्याला मी ऐकवत नाही. आकृती आणि आलेख ठेव तुझ्याजवळ. आता डबीत जे आहे ते त्या कागदांवर नाही.

साहेबांशी बोलायचं की नाही ते तुझं तू बघ. मला विचारू नकोस. आगीचं लिहिलंस ते समजलं, आग मलाही कळते. चांगला कारागीर काय करेल असं साहेबांनी विचारलं, तेव्हा तू मला एका ओळीने विचारलं असतंस, की दादा, हे सांगू का, तर मी बहुधा हो म्हणालो असतो. वर आणखी दोन आकृत्या काढून दिल्या असत्या. मी तसाच आहे, तुला माहीत आहे. ते लागलं, पण त्याच्याशी मला राहता येईल. सेलचं लिहिलंस त्याचं काय करू ते कळत नाही. मी मामीसमोर उभा राहून "नाही जमलं" म्हणालो, तेव्हा तुला ठाऊक होतं की जमलं होतं.

मशीन घेऊन तिच्या दारात गेलो तेव्हा तिने विचारलंच, "काय झालं होतं रे?" मी म्हणालो, चूक माझी होती, एक मणी चुकीच्या जागी बसवला होता. आजवर मी कुणासमोर असं वाक्य उच्चारलेलं नाही, खरी चूक असतानाही नाही. तुझ्यावर उपकार म्हणून केलं असं समजू नकोस. ती रोज सकाळी ते मशीन ओट्याखालून काढते, फडक्याने पुसते, आणि कुणी विचारलं नसलं तरी सांगते की धाकट्याने दिलंय. ते मशीन तिला दोनदा बंद करून दाखवायची माझी तयारी नाही.

नवीन मशीन पाठवू नकोस. तिला फोन कर, रविवारी, सकाळची कामं आटोपल्यावर. हातांना काय लावतेस ते विचार. मला पत्र लिहू नकोस. आकृती काढायची वेळ आली तर मी ती माझ्यापुरती काढीन.

एक राहिलं. चूक माझी होती म्हटल्यावर मामीने मशीन ओट्याखाली सरकवलं. मग पाठीवर हात ठेवून म्हणाली, "अरे, मग आधी धाकट्याला विचारायचं होतंस. त्याने बरोबर सांगितलं असतं."

मी हो म्हणालो.

— दादा